बोलती फांदी

दत्तरावांनी कागद पुढं केला, वर पेन ठेवला आणि दस्तखत कुठं करायचं ते बोटानं दाखवलं. राजेश्रीनं पेन बाजूला ठेवला आणि कागद उभ्या उभ्याच वाचायला घेतला.

तहसीलसमोर बसणाऱ्या टायपिस्टानं तो करून दिला होता. झरी शिवारातल्या शेतातलं चिंचेचं झाड तोडायला परवानगी मिळावी, असा विषय. खाली मजकूर होता: 'सदर झाड जुनाट, पोकळ व धोकादायक असून त्यावरून पडून एक महिला मयत झालेली आहे.' अर्जदार म्हणून दत्तरावांची सही झालेली होती. तिच्याखाली 'मयताचे वारस' असं छापून पुढं टिंबांची एक रेघ सोडली होती. ती रेघ राजेश्रीसाठी.

'एक महिला' हे दोन शब्द तिनं पुन्हा वाचले. परभणीच्या एका कॉलेजच्या वाचनालयात ती बारा वर्षं काम करत होती. छापील शब्दांना बिचकणं तिचं कधीच सुटलं होतं. पण आपली माय कागदावर अशी भेटेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"पोकळ कुणी ठरवलं, काका?" तिनं विचारलं.

दत्तराव साठीचे, सरळ वागणुकीचे गृहस्थ. शेतातच घर आणि गोठा बांधून राहायचे. अशा वस्तीला तिकडं आखाडा म्हणतात. चिंच गोठ्याच्या मागं होती आणि एकोणीस दिवस झाले, दत्तराव तिच्याकडं पाठ करूनच बसत होते. आताही त्यांनी मागं न बघताच सांगितलं, की ठरवायचं काय त्यात, सगळ्या गावानं बघितलं.

राजेश्री खरं तर मायचं सामान न्यायला आली होती. दोर, कुऱ्हाड, करवत एवढंच सामान. ते घ्यायचं आणि दुपारच्या जिंतूरहून येणाऱ्या गाडीनं परभणीला परतायचं, असं तिनं ठरवलं होतं. एकोणीस दिवसांत मायच्या फोनवर जेवढे फोन आले, तेवढ्यांना तिनं एकच उत्तर दिलं होतं: धंदा बंद झाला. चुलत्यांनी तर घरावरची पत्र्याची पाटीही उतरवून ठेवा म्हणून सांगितलं होतं. पाटीवर राजेश्रीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'झाडं हलकी करून मिळतील.'

हा शब्द मायचा, भिवराबाईचा. मेंढरं-शेळ्या राखणाऱ्या घरातली बाई. नवरा मल्हार लवकर गेला, तेव्हा पदरात एक पोरगी आणि दावणीला चाळीस शेळ्या. शेळ्यांना पाला पाडायचा म्हणून ती लहानपणापासून बाभळी-लिंबांवर चढत आलेली. कोणती फांदी घेतली की झाड पुन्हा फुटतं आणि कोणती घेतली की रुसतं, हे तिला शेळ्यांनी शिकवलं, असं ती सांगायची. एकदा वालूरच्या एका मास्तरांनी शाळेच्या पत्र्यावर आलेला लिंब तोडायला तिला बोलावलं. तिनं झाडाभोवती दोन चकरा मारल्या आणि मास्तरांना सांगितलं, की ह्याला तोडायचं काही कारण नाही, ओझं झालंय, हलकं करून देते. संध्याकाळपर्यंत पत्रा मोकळा झाला आणि लिंब जागेवर उभा राहिला. तिथून धंदा सुरू झाला. पुढं शेळ्या गेल्या आणि झाडंच राहिली. परभणीतले बंगले, पूर्ण्याची रेल्वे क्वार्टरं, गावोगावचे आखाडे. कुणी फोनवर 'झाड तोडता का' म्हणून विचारलं, तर ती म्हणायची, तोडायला दुसरं कुणी बघा.

सुमनबाई चहा घेऊन बाहेर आल्या. दत्तरावांच्या मंडळी. त्यांनी राजेश्रीच्या हातात कप दिला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून आपण घराच्या मागं गेलो नाही, वासरंसुद्धा पुढच्या दारी बांधली, असं त्या सांगत होत्या. गावातल्या बायका म्हणतात की झाड भुतानं धरलेलं आहे, बाईचं पाऊल वर पडलं ते त्याला सोसलं नाही. त्यांचा स्वतःचा असल्या गोष्टींवर फार इतबार नाही, पण रात्रीची पानं सळसळली की जीव थाऱ्यावर राहत नाही. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांचा राग करणं राजेश्रीला जमेना.

दत्तरावांनीही मग मनातलं सांगून टाकलं. लाकूड त्यांना नको होतं. चिंचेचं लाकूड लोखंडासारखं असतं. त्याची बाकडी करायची आणि बसस्टँडवर ठेवायची, भिवराबाईंच्या नावानं.

"माय झाड तोडत न्हवती, काका," राजेश्री म्हणाली. "तिच्या नावानं तोडायचं?"

दत्तरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. बोलला तो बाजेवर बसलेला बजरंग. त्याच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेलं झाडं कापायचं कटर होतं. आठ वर्षं त्यानं भिवराबाईचा दोर धरला होता. मागच्या साली त्यानं हे मशीन घेतलं आणि स्वतःचा धंदा मांडला. त्यावरून दोघांत बोलाचाली झाली होती. मशीन चालू असलं की झाड काय म्हणतं ते ऐकू येत नाही, असं भिवराबाई म्हणाली होती, आणि बजरंगनं तिला विचारलं होतं, की आक्का, झाडाचं ऐकत बसलं तर पोट कधी भरायचं. कागद झाला की चिंच तोच पाडणार होता.

"राजू, सही करून टाक," तो म्हणाला. "मलाबी का हौस हाय? आक्कानंच हातात दोर दिला माझ्या. पण खरं बोलायचं तर ह्या वयात तिनं चढायचंच न्हवतं. बाईमाणूस. किती दिस चढंल?"

"तुमी आठ वर्षं खाली उभं होता, मामा. तवा न्हाई म्हणलात."

बजरंगनं कप खाली ठेवला आणि मान वळवली.

राजेश्रीनं कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि सामान घ्यायला म्हणून ती घराच्या मागं गेली. दत्तरावांना तिच्या मागं जावंच लागलं. बजरंगही उठला. सुमनबाई कोपऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या.

चिंच मोठी होती. दोघांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, पुरुषभर उंचीवर पहिली खांदी, आणि वर सगळा कोवळा पाला. पण झाड तिरपं दिसत होतं. गोठ्यावर झुकलेली पूर्वेची बाजू भिवराबाईनं मोकळी केली होती. पश्चिमेची तशीच राहिली होती. एकाच बाजूचा घडा भरलेली कावड असावी तसं. पहिल्या वादळवाऱ्यात हे कुठं ओढलं जाईल, ते राजेश्रीला लगेच दिसलं. अर्धं हलकं केलेलं झाड भरल्या झाडापेक्षा वाईट, हे मायचं म्हणणं तिनं शंभरदा ऐकलं होतं.

माय जिच्यासकट खाली आली, ती फांदी तिथंच पडलेली होती. मांडीएवढी जाड. पाला वाळून तांबूस झाला होता. एकोणीस दिवसांत तिला कुणी हात लावलेला नव्हता, कारण तिला दोर बांधलेला होता. कमरेकडचं टोक त्या दिवशी लोकांनी कापलं होतं. फांदीकडची गाठ तशीच होती. मायची गाठ, दोन वेढे आणि एक उलटा. राजेश्री तिच्याजवळ बसली आणि सोडायला लागली. दोर वाळून घट्ट झाला होता. बजरंग म्हणाला, काप ते. तिनं मान हलवली. ती बोटांनीच सोडत राहिली.

मग तिनं खालीच बघत विचारलं, "दोर सुटला होता का, काका?"

"न्हाई."

"तुटला?"

"न्हाई. तेच म्हणायलोय मी. दोर साबूत, गाठ साबूत, आन् बाई खाली. मग ह्याला काय म्हणायचं?"

"दोर मुक्या फांदीला बांधला होता."

हा धंद्यातला शब्द, आणि तोही भिवराबाईचाच. वर चढलं की आधी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूनं, फांदी ठोकायची. भरीव फांदी ठण वाजते, आणि तो आवाज पार बुंध्यापर्यंत जातो, ती बोलती. आतून कुजलेली ढब करते आणि आवाज तिथंच मरतो, ती मुकी. मुकीवर पाय द्यायचा नाही, आणि कमरेचा दोर बांधायचा तो बोलत्या फांदीलाच. भिवराबाईच्या धंद्यात दुसरा कोणताही नियम एवढा कडक नव्हता.

म्हणूनच बजरंग भडकला. "आक्का? मुक्या फांदीला दोर बांधंल? कुणाचं बी सांग, पण आक्काचं असलं सांगू नको. झोपंत बी बांधायची न्हाई ती."

राजेश्रीच्या हातात मोकळा झालेला दोर होता. पुढं जे सांगायचं होतं, ते न सांगण्याची शपथ तिनं घेतली होती. तीन वर्षांपूर्वी, घराच्या ओट्यावर, मायनं तिचा हात कुऱ्हाडीवर ठेवून घेतलेली. माय म्हणाली होती, कुणाला कळू देऊ नको, बहिऱ्या बाईला कोण झाडावर चढू देईल.

तिनं एकदा झाडाकडं बघितलं. झाडानं कुणाला शपथ दिली नव्हती, आणि त्याच्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी इथं नव्हतं.

"तिला ऐकू येत न्हवतं, मामा," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावा."

बजरंग तिच्याकडं बघत राहिला. तो मनातल्या मनात वर्षं मागं मोजत होता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. त्या तीनातली दोन वर्षं तो स्वतः खाली दोर धरून उभा होता.

"मला कसं कळलं न्हाई?"

"ती आधीबी कुणाचं ऐकत न्हवती. म्हणून कळलं न्हाई."

बजरंगला हसू आलं आणि त्यानं ते तोंडावर हात ठेवून परत आत ढकललं.

मग राजेश्रीनं सगळं सांगितलं. वालूरलाच एका लिंबावर मायनं एक फांदी मुकी म्हणून उतरवली, आणि कापलेलं तोंड बघितलं तर आत सगळं भरीव, पिवळंधमक. माय त्या लाकडाशेजारी बराच वेळ बसून राहिली. चांगली होती गं, एवढंच म्हणाली. मग तिला कळलं की मुकं झाड झालेलं नाही. धंदा सोडून दे, असं राजेश्री तेव्हा म्हणाली होती आणि मायनं तिच्याकडं अशी नजर टाकली होती की तो विषय पुन्हा निघाला नाही. वाट राजेश्रीनंच काढली. तिचा सख्खा मामा पूर्ण्याला रेल्वेत गँगमन होता. लहानपणी ती रुळाला कान लावून गाडी किती लांब आहे ते ओळखायची. तसाच तिनं बुंध्याला कान लावला. वरून मायनं ठोकलं की लाकडातून आवाज खाली यायचा, हवेतून येतो त्याहून स्वच्छ. बोलती असली की राजेश्री उजवा हात वर करायची, मुकी असली की डावा. मग कामं रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीच घ्यायची असं ठरलं. लोक चेष्टा करायचे, की भिवराबाईची शिकलेली लेक कामाला हात लावत नाही, नुसती झाडाला चिकटून उभी राहते.

"मीच म्हणायचो," बजरंग पुटपुटला. "झाडाशी लगीन लावलंय का म्हणून."

"व्हय. तुमीच."

"आन् त्या दिशी?" दत्तरावांनी विचारलं. त्यांनी आता पहिल्यांदा झाडाकडं तोंड केलं होतं.

राजेश्रीनं मोकळ्या दोराचा एक वेढा हातावर घेतला. तो बुधवार होता. वाचनालयात पुस्तकांची मोजणी चालली होती. मायचा फोन आला, की दत्तरावांच्या चिंचा उतरल्या, आता झाड मोकळं आहे, जाते. राजेश्री म्हणाली, रविवारपर्यंत थांब, मी येते. पलीकडून माय म्हणाली, बरं बरं. आणि राजेश्रीनं फोन ठेवला. ऐकू आलं नाही की माय 'बरं बरं' म्हणते, हे जगात फक्त तिला माहीत होतं.

"मी तिला थांब म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "फोनवर सांगितलं. बहिऱ्या माणसाला फोनवर."

गोठ्याच्या पत्र्यावर एक खारुताई पळत गेली. कोपऱ्यावर उभ्या सुमनबाईंनी डोळ्याला पदर लावला.

दत्तराव म्हणाले, की पोरी, तुझी बी कसूर नाही त्यात. ते मायेनं म्हणाले. पण राजेश्रीला ते नको होतं. ती उठून उभी राहिली. आपली कसूर आपण बघून घेऊ, असं ती म्हणाली. ती कमी करून घ्यायला आपण इथं आलो नाही. पण ती झाडाच्या नावावर लिहिता येणार नाही. फांदी मुकी होती आणि ती तसं सांगत होती. ऐकणारं खाली कुणी नव्हतं.

"म्हणजे झाड पोकळ न्हाई म्हणतीस तू."

"एक फांदी पोकळ होती. ती पडली. बाकीचं मी वाजवून दाखवते. तुमी कान लावा."

सुमनबाई एकदम म्हणाल्या, की नको, पुन्हा बाईमाणूस वर नको. बजरंगनं मान डोलावली आणि शर्टाच्या बाह्या सरसावल्या. चढायचंच असेल तर मी चढतो, असं तो म्हणाला.

"तुमी दोर धरा, मामा. ते तुमाला चांगलं येतं."

"तू चढलीस कधी शेवटची?"

"दहावीत होते."

"मग?"

"मग काय. झाडं काय बदललीत का तवापासून?"

तिनं चपला काढून ठेवल्या, ओढणी कमरेला गच्च बांधली. कुऱ्हाड आणि करवत पाठीमागं खोचली, दोर खांद्यावर घेतला. दहावीनंतर माय तिला कधीच वर जाऊ द्यायची नाही. शिकलेली माणसं खालीच बरी, म्हणायची. पण पहिल्या खांदीला हात घालताच पायांना आपोआप जागा सापडल्या. शेळ्यांमागची पाच-सात वर्षं पायांच्या तळव्यात शिल्लक होती. खरखरीत साल तळव्यांना लागली आणि ते आधी दुखले, मग दुखायचे थांबले.

खाली दत्तराव बुंध्याजवळ जाऊन उभे होते. कान लावायचा म्हणजे टोपी काढावी लागणार होती. त्यांनी ती काढली, काखेत धरली, आणि चारी बाजूंना एकदा बघून घेऊन कान सालीला टेकवला. बजरंग हसला नाही.

राजेश्रीनं पहिली फांदी ठोकली. ठण.

दत्तराव दचकले. त्यांनी कान काढून वर बघितलं, पुन्हा लावला. तिनं पुन्हा ठोकलं.

"आयला," ते म्हणाले. "आत कुणी बसल्यावानी वाजायलंय."

"बोलायलंय का?"

"बोलायलंय."

"मग उजवा हात वर करायचा, काका. तोंडानं सांगायचं न्हाई."

त्या बोलत्या फांदीला तिनं दोर बांधला. दोन वेढे आणि एक उलटा. बजरंगनं खालून दोर ताणून बघितला, स्वतःच्या कमरेमागून घेतला आणि पाय रोवले. मग ती एकेक फांदी घेत वर गेली. ठोकायची, खाली बघायची. खाली टोपी नसलेलं एक पांढरं डोकं बुंध्याला चिकटलेलं होतं आणि दर वेळी उजवा हात वर होत होता, सुरवातीला बिचकत, नंतर शाळेतल्या पोरासारखा सरळ. तिला वरही ऐकू येतच होतं. तिचे कान धड होते. तिला खालचा हात बघायचा होता. तीन वर्षं माय वरून काय बघत होती, ते तिला आज पहिल्यांदा दिसत होतं.

पूर्वेच्या बाजूला मायनं त्या दिवशी केलेले काप होते. फांदीच्या बुडाशी सालीच्या सुरकुत्यांचं एक कडं असतं. काप त्या कड्याच्या बरोबर बाहेरून घ्यायचा, म्हणजे झाडाला जखम बुजवता येते. चारही काप तसेच होते. एकाही ठिकाणी साल ओरबाडली नव्हती. राजेश्रीनं शेवटच्या कापावर तळहात ठेवला. तो उन्हानं तापलेला होता.

त्याच्या थोडं वर ती मोडलेली जागा होती. बाहेर दोन बोटं जाडीचं लाकूड आणि आत काळा भुसा, त्यात मुंग्यांची रांग. तिनं त्यावर तुंबा मारला. ढब.

खाली बराच वेळ काही हललं नाही. मग दत्तरावांचा डावा हात वर आला. मुकीसाठी डावा, हे तिनं त्यांना चढताना सांगितलेलं नव्हतं; खाली उभं राहून हकिकत सांगताना एकदा म्हटलं होतं तेवढंच. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. हात वर तसाच राहिला. ती 'कळलं काका' म्हणाली तेव्हा कुठं खाली गेला.

त्या मोडक्या खुंटाच्या बुडाकडं ती ठोकत सरकली. हातभर आत आल्यावर आवाज बदलला, आणि उजवा हात लगेच वर झाला. कूज तिथंच थांबली होती. झाडानं ती स्वतःच अडवून धरली होती. तिथून तिनं खुंट काढला. आधी खालून अर्धा काप, मग वरून, साल न ओढता. करवतीची सवय नसलेल्या हातावर फोड आला आणि फुटला. खुंट दोरानं खाली सोडला तेव्हा बजरंगनं तो हातात घेऊन उलटून बघितला, आतल्या पोकळीत बोट घातलं, आणि दत्तरावांना दाखवला.

मग पश्चिमेची बाजू. सगळी एका दिवसात होण्यासारखी नव्हती. तिनं सगळ्यात बाहेरची, सगळ्यात जड अशी एकच फांदी निवडली आणि उन्हं उतरेपर्यंत तिच्याशी झगडली. मध्ये एकदा बजरंगनं खालून विचारलं, मशीन देऊ का वर, पाच मिनिटांचं काम आहे. तिनं नको म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. फांदी सुटली तेव्हा सगळं झाड एकदा हललं, तिला घेऊन हललं आणि थांबलं. थांबलं ते आधीपेक्षा सरळ. निदान तिला तसं वाटलं. जिंतूरची गाडी केव्हाच निघून गेली होती.

ती खाली उतरली तेव्हा सुमनबाई तांब्या घेऊन झाडाखाली उभ्या होत्या. घराच्या मागं त्या कधी आल्या हे कुणालाच कळलं नाही, त्यांनाही नसावं. राजेश्री पाणी प्यायली. सुमनबाईंनी तिच्या तळहातावरचा फोड बघितला, हळद आणायला म्हणून वळल्या, आणि मग जाता जाता थांबून त्यांनी बुंध्याला कान लावला.

"आता कोण ठोकणार हाय वर?" दत्तराव म्हणाले.

"गप बसा हो," त्या म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

बजरंग दोर गुंडाळत होता. राहिलेल्या बाजूला अजून दोन दिवस लागतील, असं तो दोराकडं बघत म्हणाला. मशीन नाही आणणार. उद्या सातला येतो. राजेश्री म्हणाली, आठला या, मला वाचनालयात रजेचा अर्ज पाठवायचाय. मग तो म्हणाला, की आक्काच्या कानाचं गावात कुणाला सांगायचं का नाही. ती म्हणाली, सांगा. बहिरी होऊनही तीन वर्षं चढली, असं सांगा.

ओट्यावर बसल्यावर दत्तरावांनी अर्जाची घडी मागितली. ते तो फाडणार होते. राजेश्रीनं त्यांना पेन मागितला.

'जुनाट' हा शब्द तिनं तसाच राहू दिला. झाड जुनं होतंच. 'पोकळ व धोकादायक' वर तिनं सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'एक फांदी पोकळ होती, ती काढली.' 'तोडण्यास परवानगी' खोडलं. मग ती 'एक महिला'वर आली. ते दोन शब्द तिनं दोनदा खोडले. वर जागा कमी होती, म्हणून समासात, पाटीवर लिहिते त्याच अक्षरात लिहिलं: 'भिवराबाई मल्हार देवकते, धंदा: झाडं हलकी करणे.'

"आता ह्या कागदाचं काय करू?" दत्तरावांनी विचारलं. "तहसीलात तर चालणार न्हाई."

"घरात ठेवा. पुढच्या साली चिंचा उतरल्या की मी झाड बघायला येईन, तवा काढा."

खाली टिंबांची रेघ अजून रिकामीच होती. 'मयताचे वारस'. दत्तराव म्हणाले, राहू दे ते, आता कशाला. पण तिनं तिथं पूर्ण नाव लिहिलं, राजेश्री मल्हार देवकते. स्वल्पविराम दिला. आणि पुढं लिहिलं: 'धंदा: तोच.'